बदकिणीची नऊ अंडी

एका जंगलाच्या अगदी कडेला, जिथे झाडं संपतात आणि तळ्याचे लव्हाळे सुरू होतात, तिथे एक बदकीण राहत असे. एकटी. आता तुम्ही विचाराल, बदकं कधी एकटी राहतात का? नाहीच राहत. तीसुद्धा राहत नव्हती. सहा महिन्यांपूर्वीपर्यंत त्या तळ्यावर तिची आई, मावश्या, बहिणी अशी मिळून वीस-बावीस बदकं होती आणि त्यांची अंड्यांची वाडी साऱ्या जंगलात नावाजलेली होती. सकाळ झाली की लव्हाळ्यात जिकडेतिकडे पांढरी, निळसर अंडी दिसायची. पिल्लांसाठी ठेवायची तेवढी बदकं बाजूला काढत आणि उरलेली शेजाऱ्यांना देत.

फुकट देत असतील असं मात्र समजू नका हं! मुंगसाला रोज एक अंडं मिळे. त्याने लव्हाळ्यात सापाला फिरकू द्यायचं नाही. कावळ्याला दोन दिवसांआड एक; त्याने उंबराच्या शेंड्यावर बसून घारीवर नजर ठेवायची. रानकोंबडी अंड्यांना चोच लावत नसे, पण बदकांनी खाऊन टाकलेले गोगलगायींचे शंख टिपून न्यायची. त्याच्या बदल्यात ती काय द्यायची? सल्ले! कुणी मागो न मागो, ती देतच राहायची. असं सगळ्यांचं छान चाललं होतं.

मग तो उन्हाळा आला. तळं आटून निम्मं झालं, पाण्यावर हिरवी साय धरली आणि बदकांमध्ये रोग शिरला. आठवडाभरात तळं रिकामं झालं. मागे उरली ही बदकीण आणि एक म्हातारा नर. थंडी पडली तेव्हा तोही गेला. त्याच्या मागे तिच्याजवळ राहिली ती नऊ अंडी. पिल्लं धरतील अशी एवढीच नऊ. यापुढे ती जी काही अंडी घालील ती नुसती खाण्याची, त्यांतून पिल्लू निघायचं नाही. आणि खरं सांगायचं तर काळजीने तिचं अंडी घालणंच थांबलं होतं.

नऊ अंडी फुटली, म्हणजे पिल्लं होऊन फुटली, तर वाडी पुन्हा उभी राहणार. नाहीतर तळ्यावरचं बदकांचं नाव कायमचं पुसलं जाणार. बदकीण दिवसभर त्या नऊ अंड्यांभोवती फिरायची. एकदा मोजायची, दोनदा मोजायची, चार पावलं जाऊन परत यायची आणि पुन्हा मोजायची.

तिची खरी अडचण तर निराळीच होती. तिला अंडी उबवता येत नव्हती! तिने कधी केलंच नव्हतं. ते काम तिच्या मावश्यांचं. मावशी घरट्यावर बसली की ही खुशाल पाण्यात डुंबायला जायची. "किती दिवस बसायचं गं मावशी?" एवढंसुद्धा तिने कधी विचारलं नव्हतं. आता विचारायला मावशी कुठून आणायची? तिने एकदा बसून पाहिलं. घटकाभरात पोटाखाली गरम गरम व्हायला लागलं, पाय आपोआप तळ्याकडे ओढायला लागले, आणि ती भानावर आली तेव्हा पाण्याच्या मधोमध होती. धावत परत येऊन पाहते तो अंडी गार!

शेवटी तिने सगळ्यांना उंबराखाली बोलावलं. मान खाली घालून म्हणाली, "मंडळी, तुम्हाला द्यायला माझ्याजवळ आज काही नाही. पण ही नऊ अंडी जगली तर पुन्हा सगळं होईल. तोवर साप आणि घार यांच्याकडे लक्ष ठेवाल का? आणि कोंबडीकाकू, तुम्ही... तुम्ही बसाल का यांच्यावर?"

कावळ्याने मान वाकडी केली. "म्हणजे तोवर अंडं नाही?"

"नाही, कावळेदादा."

"एकही नाही?"

"अहो, नाही म्हणाली ना ती एकदा!" कोंबडी फणकारली. कोंबडी त्या दिवसांत खुडूक झाली होती. तिची सगळी अंडी घोरपडीने कधीच फस्त केली होती, तरी ती रिकाम्या घरट्यावर पिसं फुगवून बसायची आणि जवळ येईल त्याच्या अंगावर धावायची. नऊ अंडी म्हटल्यावर तिचे डोळेच चमकले. "बसते मी. पण माझा हिशोब सरळ आहे. एकवीस दिवस. आमच्या घराण्यात बाविसावा दिवस कुणी पाहिलेला नाही. आणि तू ती ओली पिसं घेऊन माझ्याजवळ यायचं नाहीस, सांगून ठेवते!"

कावळा कुरकुरत का होईना, शेंड्यावर जाऊन बसला. मुंगसाने एकवार नऊ अंड्यांकडे पाहिलं, जिभेने ओठ चाटले आणि लव्हाळ्यात गस्तीला निघून गेलं. ते ओठ चाटणं बदकिणीने पाहिलं. अंडी खाणाराच अंड्यांचा राखणदार! पण करणार काय? दुसरं होतं कोण?

दिवस जाऊ लागले. कोंबडी ठाण मांडून बसली. दुपारी एकदा उठायची, चार दाणे टिपायची, की परत. बदकीण दुरूनच बघायची आणि हळूच विचारायची, "काकू, काही हालचाल?"

"अगं, अंडी आहेत ती, बेडूक नव्हेत!" कोंबडी डाफरायची.

मुंगूस रोज सकाळी यायचं. आता अंडं मिळत नाही हे त्याला ठाऊक होतं, तरी जुन्या सवयीने त्याचे पाय त्याच वेळी तिथे वळायचे. येऊन जरा उभं राहायचं, नाक वर करून वास घ्यायचं आणि मुकाट्याने निघून जायचं. अंड्यांऐवजी ते आता सरडे नि टोळ खाऊन दिवस काढत होतं. बरगड्या दिसायला लागल्या होत्या त्याच्या. बदकीण मात्र ते उभं असेपर्यंत श्वास रोखून धरायची.

अठरावा दिवस गेला. कावळा वरून ओरडला, "आमची पिल्लं एव्हाना बाहेर येतात!" एकोणिसावा, विसावा गेला. एकविसाव्या दिवशी उजाडल्यापासून सगळी मंडळी घरट्याभोवती गोळा झाली. दुपार झाली. ऊन कललं. अंडी जशीच्या तशी. ना चीर, ना आवाज.

कोंबडी उठली. तिने पिसं झाडली, एकेका अंड्याला चोचीने ठोकून पाहिलं आणि मान हलवली. "वांझ आहेत."

"काकू, असं नका हो म्हणू!"

"मी का आनंदाने म्हणते? एकवीस दिवस हाडं मोडून बसलेय मी इथे. माझ्या आईचं, आजीचं, पणजीचं कुणाचं अंडं बाविसाव्या दिवसावर गेलं नाही. पिल्लू असतं तर आलं असतं. कशाला खोटी आशा धरतेस?" असं म्हणून ती खरोखरच निघाली. निघताना तिने एक अंडं चोचीने नीट सरकवलं, पण घराण्याचा नियम म्हणजे नियम! ती मागे वळली नाही.

कावळा लगेच खाली उतरला. "मग आता कुजून वास सुटण्याआधी वाटून घेऊ या. तीन आठवडे उपाशीपोटी पहारा केलाय आम्ही. निदान एवढं तरी?"

बदकीण पंख पसरून अंड्यांवर पालथी पडली. नुकतीच एक बुडी मारून आलेली, पिसांतून पाणी गळत होतं. "थांबा हो! अजून थोडे दिवस थांबा! तुमच्या पाया पडते!"

"किती दिवस?" कावळ्याने विचारलं.

हाच तर प्रश्न होता, मुलांनो, आणि त्याचं उत्तर तिला ठाऊक नव्हतं. मावशीला एकदा, फक्त एकदा विचारलं असतं तर! तिला रडू कोसळलं. "मला माहीत नाही," ती म्हणाली.

तेवढ्यात काठावरच्या चिखलातून एक डोकं वर आलं. ती होती तळ्यातली म्हातारी कासवीण. ती फारशी कधी बोलत नसे. "कावळ्याची अठरा दिवसांत," ती सावकाश म्हणाली, "कोंबडीची एकवीस. माझी अंडी मी वाळूत पुरते, तर पावसाळा निघून जातो तरी पिल्लांचा पत्ता नसतो. म्हणून काय ती वांझ असतात? बदकांना किती लागतात ते मलाही माहीत नाही गं बाई. पण कोंबडीलाही माहीत नाही, एवढं मात्र नक्की."

पण अंडी जिवंत आहेत की मेलेली, हे कळायचं कसं? फोडून पाहावं तर जिवंत असेल ते मरेल. न फोडावं तर सगळे आणखी किती दिवस उपाशी राहणार?

इतका वेळ मागे बसलेलं मुंगूस पुढे आलं. "मला बघू दे," ते म्हणालं.

बदकिणीने पंख आणखी घट्ट दाबले. "नको!"

"बदकूताई, या जंगलात अंड्यांच्या वासाची पारख माझ्याइतकी कुणाला आहे? जन्मभर दुसरं केलंय काय मी? कुजलेलं अंडं मला दहा हातांवरून कळतं. जरा सरक."

ती सरकेना. मुंगूस तसंच उभं राहिलं. घाई नाही, जोर नाही. बदकिणीने त्याच्या बारीक, लाल डोळ्यांकडे पाहिलं, मग त्याच्या वर आलेल्या बरगड्यांकडे पाहिलं. खायचीच असती तर याने विचारलं तरी असतं का? कोंबडी दाणे टिपायला उठायची तेव्हा रोजच संधी होती की याला. हे मनात आलं तरी तिची भीती काही गेली नाही. पण ती सरकली.

मुंगसाने एकेका अंड्याला नाक लावलं. पहिलं, दुसरं, तिसरं. त्याच्या तोंडाला पाणी सुटलेलं सगळ्यांना दिसत होतं. दोन थेंब तर अंड्यावरच पडले. पाचव्या अंड्यापाशी त्याने नाक मुरडलं आणि ते पंजाने बाजूला लोटलं. "हे गेलं. आता काढलं नाही तर फुटून बाकीची नासवेल." मग उरलेली हुंगून झाल्यावर ते पुन्हा पहिल्या अंड्याकडे वळलं.

"सांग ना रे भाऊ!" बदकीण व्याकूळ होऊन म्हणाली.

"ही आठ कुजलेली नाहीत. आणि ताजीही नाहीत. असा वास मी कधी घेतलेला नाही, कारण इतके दिवस मी कुठलं अंडं शिल्लक ठेवलंय कधी?" मुंगसाने डोकं खाजवलं. "मला वाटतं, थांबावं."

"आणि बसणार कोण?" कावळ्याने विचारलं. "ही तर घटकाभरात पाण्यात पळते."

"ती बसेल तेवढा वेळ ती बसेल. ती पाण्यात जाईल तेव्हा मी बसेन. माझं अंग ऊबदार आहे, केस दाट आहेत."

हे ऐकून कावळा फांदीवरून पडता पडता राहिला. "तू? अंड्यांवर? मुंगूस अंड्यांवर बसणार?"

"एकवीस दिवस टोळ खाऊन काढलेत मी," मुंगूस चिडून म्हणालं, "ते काय आज पाण्यात घालू?"

आणि मंडळी, तसंच झालं! बदकीण दाताखाली जीभ धरून, म्हणजे चोच मिटून, जमेल तेवढा वेळ बसायची. अगदीच जीव तळमळला की उठायची आणि मुंगूस तिच्या जागी वेटोळं करून बसायचं. तिचं पाण्यात जाणं तरी कसलं? एक बुडी मारायची, मान वळवून काठाकडे बघायची. दुसरी बुडी, पुन्हा काठाकडे. आज एखादं कमी तर नसेल? पिसं न झाडताच ती धावत यायची आणि मोजायची. आठ. दर वेळी आठ. मग ती ओल्या अंगानेच बसायची. "ओली बस, ओलीच बस," कासवीण म्हणायची, "पाण्यावरच्या जिवांची अंडी ती. कोरडी कशाला ठेवतेस?"

तेविसावा, चोविसावा, पंचविसावा. सव्विसाव्या दिवशी कोंबडी तिथे आली. "मी काही बसायला आले नाही," ती आल्या आल्या म्हणाली. "इकडून चालले होते म्हणून डोकावले. आणि हे काय बसणं आहे का? शी! अंडी कुणी उलटलीसुद्धा नाहीत आज!" असं म्हणत तिने आठही अंडी चोचीने नीट उलटली आणि "दमलेय जरा" म्हणून त्यांच्यावर संध्याकाळपर्यंत बसली. तिला टोकायची कुणाची छाती होती?

सत्ताविसावा दिवसही तसाच गेला आणि बदकिणीचा धीर सुटला. आपल्यापायी सगळे हाल सोसताहेत असं तिला वाटायला लागलं. कावळा वाळला होता. मुंगसाच्या अंगावरचे केस विस्कटले होते. ती अंड्यांवरून उठली आणि म्हणाली, "पुरे झालं. माझ्या वेडापायी तुम्ही किती दिवस उपाशी राहणार? काकूंचंच खरं होतं. घ्या, वाटून घ्या."

आता मुलांनो, मुंगसाच्या पुढ्यात आठ अंडी होती, त्याचं पोट रिकामं होतं आणि अंड्यांच्या मालकिणीने स्वतः "घ्या" म्हटलं होतं! कावळ्याने मुंगसाकडे पाहिलं. मुंगसाने अंड्यांकडे पाहिलं. मग ते पुढे झालं आणि अंड्यांवर जाऊन बसलं.

"आज नको," ते म्हणालं. "आजची माझी बसायची वेळ अजून संपलेली नाही. तू जा, पोहून ये."

दुसऱ्या दिवशी सकाळीही मुंगूसच बसलं होतं. ऊन अंगावर येत होतं, डोळे मिटत होते. एकदम ते ताडकन ताठ झालं. "अगं! अगं ए बदकूताई! पोटाला काहीतरी टोचतंय! आतून कुणीतरी ठोकतंय मला!"

बदकीण पाण्यातून उडतच आली. कावळा खाली आला, कोंबडी आली, कासवीणसुद्धा तिला जमेल तेवढ्या घाईने काठावर चढली. मुंगूस जागचं हलेना. हललो तर काही मोडेल या भीतीने ते चारही पाय ताठ करून तसंच राहिलं, शेपटी फुलून केरसुणी झाली होती. टक. टक. टक. एका अंड्याला चीर गेली. मुंगसाच्या पोटाखालून एक पिवळं, ओलं डोकं बाहेर आलं आणि त्याने वर पाहिलं. समोर मुंगसाचं तोंड होतं. पिल्लाने त्यालाच टक लावून पाहिलं आणि म्हटलं, "पीप."

संध्याकाळपर्यंत सात पिल्लं बाहेर आली. आठव्या अंड्यातलं चीर पाडूनही बाहेर येऊ शकलं नाही. बदकिणीने ते अंडं चोचीने जवळ ओढून घेतलं आणि कितीतरी वेळ त्याच्याजवळ बसून राहिली. पण सात होती. सात! तिला हसावं की रडावं ते कळेना.

सकाळी ती पाण्यात उतरली आणि तिने साद घातली. "या रे बाळांनो, या!" पण पिल्लांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती मुंगसाच्या मागे रांगेने उभी होती. बदकाच्या पिल्लांचं असंच असतं. डोळे उघडल्यावर जो आधी दिसतो, तोच त्यांचा. मुंगूस डावीकडे गेलं, सातही डावीकडे. उजवीकडे गेलं, सातही उजवीकडे. ते काठाशी येऊन थांबलं, तर पिल्लंही थांबली. पाण्यात पाय घालायला एकही तयार होईना.

बदकिणीने पुन्हा साद घातली. इतके दिवस जीव टांगणीला लावून जगवली, आणि ही तर मला ओळखतही नाहीत! पाण्यात उतरली नाहीत तर खातील काय? जगतील कशी?

सगळ्यांनी मुंगसाकडे पाहिलं. आणि मुंगसाला पाण्याचा कोण तिटकारा! पावसाचा थेंब अंगावर पडला तरी दिवसभर चाटत बसणारं जनावर ते. त्याने पाण्याकडे पाहिलं. मागे वळून सात पिल्लांकडे पाहिलं. दात-ओठ खाल्ले.

"हसायचं नाही कुणी," ते म्हणालं आणि पाण्यात शिरलं.

आधी पंजे, मग गुडघे, मग पोट. अंगावर शहारा आला तरी ते पुढेच गेलं. मागोमाग पहिलं पिल्लू आलं, पुप्‌दिशी पाण्यावर तरंगलं आणि चकित होऊन इकडेतिकडे बघायला लागलं. मग दुसरं, तिसरं, सगळीच. पाण्यात आल्यावर त्यांच्या पायांना कुणी शिकवावं लागलं नाही. बदकीण हळूहळू जवळ आली, पिल्लांनी तिला आपल्यासारखंच पोहताना पाहिलं आणि ती तिच्या पंखाखाली शिरली. मुंगूस गळ्याइतक्या पाण्यात कुडकुडत उभं होतं. बदकिणीने त्याच्या डोक्यावर चोच टेकवली.

"आता निघू का मी?" मुंगसाने विचारलं. "गारठलोय."

पुढच्या वर्षी कासविणीने दूरच्या ओढ्यावरून एक तरुण नर बदक वाट दाखवत आणलं आणि लव्हाळ्यात पुन्हा निळसर अंडी दिसायला लागली. पहिलं अंडं बदकिणीने स्वतः लोटत नेऊन मुंगसाच्या बिळापाशी ठेवलं. त्याने ते खाल्लं. खाणारच, मुंगूसच ते! पण पिल्लांसाठीची अंडी बाजूला काढली की त्यांच्यावर बसायला ते सगळ्यांच्या आधी हजर असे. आणि कोंबडी? येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ती ठसक्यात सांगायची, "बदकांना अठ्ठावीस दिवस लागतात हो. मला तर आधीपासून ठाऊक होतं!"

तात्पर्य : ज्या दारातून आपल्याला घास मिळतो, ते दार संकटात असताना आपला घास विसरून, ठरलेले दिवस संपल्यावरही जो तिथे थांबतो, तोच खरा शेजारी.